वरच्या रस्त्याची मीठगाडी

मित्रांनो, कडाक्याची थंडी पडणार असली की आदल्या संध्याकाळी, रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून, खडेमीठ पसरत जाणारी पिवळी गाडी म्हणजे मी. आता जुनी झाले आहे. नगरपालिकेच्या आवारात एका कोपऱ्यात उभी असते.

इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या आमच्या गावात मीठगाडीचे नाव शाळेतली मुले ठेवतात. माझ्या वेळी त्यांनी शाळेत जेवण रांधणाऱ्या मेव्हिसबाईंचेच नाव मला दिले. का, तर म्हणे, "त्यांचाही हात मिठाला सैल आहे!" मेव्हिसबाई पोट धरून हसल्या. तेव्हापासून मी धाकटी मेव्हिस.

माझा चालक नॉर्मन. आम्ही दोघे टेकडीवरच्या लोकरगिरणीपर्यंत मीठ टाकत जायचो. सकाळी त्याच वाटेने कामगारांची बस वर चढायची. मेव्हिसबाईंची लेक ग्लेनिस त्या बसमधून मला हात करायची. फेरी संपली की नॉर्मन मला खालून वरून धुवायचा. म्हणायचा, "हे मीठ आधी बर्फाला खातं, मग तुला खाईल, पोरी. थांब जरा."

पुढे वरून सरकारचा पैसा कमी येऊ लागला. नगरपालिकेने गावाची सभा बोलावली. घरपट्टी वाढवायची, की खर्च छाटायचा? नॉर्मनने मला सभागृहाच्या दाराशीच उभे केले होते, त्यामुळे सगळे ऐकू आले.

मेव्हिसबाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्या उठल्या. "गाडीला माझं नाव आहे म्हणून तिचं पोट मीच भरू का? पेन्शन तेवढीच, आणि घर गरम ठेवायचं म्हटलं तर जेवण आखडतं घ्यावं लागतं!"

नॉर्मन म्हणाला, "अगं मेव्हिस, गिरणी चालते म्हणून पगार होतात. पगारातून कर जातो, करातून मीठ येतं. मीठच थांबलं तर गिरणीत जाणार कोण?"

"ऐका! आमचा ड्रायव्हर अर्थमंत्री झाला!" मेव्हिसबाई म्हणाल्या.

सभागृह हसले. नॉर्मनही हसला. मला मात्र बाईंचा राग आला नाही. त्यांचे हात थंडीने सुजलेले मी पाहिले होते.

पट्टी वाढली नाही. गिरणीकडे चढणारा वरचा रस्ता माझ्या फेरीतून वगळला. त्याऐवजी चढाच्या पायथ्याशी मिठाची एक मोठी पिवळी पेटी ठेवली. लोकांनी त्यातले मीठ आपापले रस्त्यावर टाकावे, अशी कल्पना.

पहिलाच गारठा पडला आणि लोक बादल्या घेऊन आले. ज्याने त्याने आपली पायरी पाहिली. मेव्हिसबाईंनीही बादली भरून नेली. दुपारपर्यंत पेटीचा तळ दिसला. गल्लीतल्या सगळ्या पायऱ्या कोरड्या, आणि मधला रस्ता आरशासारखा. बस अर्ध्या चढावरून मागे घसरली. कापड न्यायला आलेला ट्रक गिरणीच्या फाटकातच अडकला.

असे त्या हिवाळ्यात वरचेवर झाले. वेळेवर माल मिळेना, तसे गिऱ्हाईक दुसरीकडे गेले. हिवाळा सरता सरता मालकाने माग उचलून दूरच्या शहरात नेले. त्यांच्यामागून ग्लेनिसही गेली.

गिरणीकडून येणारी पट्टी बंद झाली, तशी नगरपालिकेने आणखी काटकसर केली. नॉर्मनला घरी बसवले. मला धुणेही थांबले. अंगावर राहिलेले मीठ हळूहळू पत्रा खात गेले.

पुढच्या सभेत पुन्हा तोच प्रश्न निघाला. या वेळीही मेव्हिसबाई उठल्या. म्हणाल्या, "माझी पायरी स्वच्छ होती. पोरगी गाव सोडायला बॅग घेऊन उतरली, तेव्हा तिचा पाय जरासुद्धा घसरला नाही." सभेत कोणी हसले नाही. "झेपेल तेवढी वाढवा. पण वरचा रस्ता सोडू नका."

आता वरच्या रस्त्याला नवी मीठगाडी जाते. गिरणी काही परतली नाही. तिच्या एका खोलीत कोणीतरी सायकली दुरुस्त करू लागला आहे, एवढेच.

मित्रांनो, मीठ ओले आहे तोवर धुतले तर पत्रा टिकतो. सगळ्यांच्या कामी येणारी वस्तू तुमच्या गावात असेल, तर तिच्याकडे वेळेवर पाहा.

परवा मेव्हिसबाई आवारात आल्या. हातात कोमट पाण्याची बादली होती. माझ्या दारावरचे आपले नाव त्यांनी सावकाश पुसून लख्ख केले, मग गंजलेल्या पोटाकडे वळल्या. बादली मी ओळखली. पेटीतले मीठ त्यांनी नेले होते ते हिच्यातूनच.