विम्याचं गाऱ्हाणं

डिचोलीच्या खाणीनं कृष्णनाथला छातीभर धूळ दिली आणि निवृत्तीच्या दिवशी कंपनीचा विमा तेवढा परत काढून घेतला. राहिलं सरकारी कार्ड. मोठं दुखणं आलं तर ते पुरायचं नाही, वरचा एक विमा हवा, हे त्याच्या डोक्यात शिरवायला बायकोनं, पद्मावतीनं, वर्ष घातलं. शेवटी धारगळचा एजंट रुद्रेश कोरगावात त्यांच्या सोप्यावर येऊन बसला, तर हा बाबा बेधडक म्हणाला, "माका कसलोच आजार नाय."

रोज शुगरच्या गोळ्या गिळणारा माणूस. पण विमा एजंटाला थाप मारणं म्हणजे थाप नव्हेच, असं आमच्यात भलेभले समजतात. हप्ता कमी बसतो ना. शेजारच्या सगुणनं ब्लडप्रेशर असंच लपवलं. पुढं झटका आला, विमा कंपनीनं दवाखान्याचे जुने कागद उकरले आणि हात वर केले.

हे पद्मावती विसरली नव्हती. पण परक्यादेखत नवऱ्याला खोटं पाडलं तर तो विमाच नको म्हणेल, हेही ती जाणून होती. ती म्हणाली, "रुद्रेशा, दोन पॉलिसी दाखयतस. खंयची घेवची ता देवाक विचारूया. सोमवारी देवळात ये. कौल झालो की थंयच सही."

कृष्णनाथ खूश. कौलाला हप्ता नसतो.

पद्मावतीनं आधीच जाऊन यशवंत गुरवाच्या कानावर सगळं घातलं. सोमवारी त्यानं देवाच्या मूर्तीला दोन बाजूंना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर पहिली पॉलिसी, डावी पडली तर दुसरी. मग खणखणीत आवाजात गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू कृष्णनाथ. ह्येका शुगर आसा..."

"व्हय म्हाराजा," जमलेली माणसं म्हणाली. सवयीनं रुद्रेशही म्हणाला आणि मग मान वळवून कृष्णनाथकडे बघत राहिला.

"गोळ्यो खाता, तरी चोरून गुळाचा खाजा खाता..."

"व्हय म्हाराजा." या खेपेला पद्मावतीचा आवाज सगळ्यांच्या वर.

"खाज्याचा कित्याक सांगलंस गो?" कृष्णनाथ पुटपुटला.

"देवाक अर्धवट सांगतत?"

रुद्रेश जवळ सरकला. "काका, पहिली पॉलिसी शुगरवाल्यांना घेतच नाही. दुसरी घेते. हप्ता जास्त, आणि शुगरपायी जे होईल त्याला तीन वर्षं काही मिळायचं नाही. लपवून पहिली घेतली असतीत तर..."

"सगुणासारखा झाला असता," पद्मावतीनं वाक्य पुरं केलं. "दुसरीच भर. ह्यांची शुगर पयली लिही."

कृष्णनाथनं देवाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि देवळाच्या पायरीवर बसून सही ठोकली.

आतून यशवंत ओरडला, "अरे, पाकळी अजून पडूक नाय. आता देवाक काय विचारू?"

"विचारू नकात," पद्मावती म्हणाली. "तीन वर्सा ह्यांका सांभाळ म्हणा. फुडचा आमी बघू."