एक किलो दोनशे

वजनकाट्यावर कोणीही उभं नसताना काटा एक किलो दोनशेवर थांबला होता. वजनबाईंनी बाजूचा स्क्रू फिरवून तो शून्यावर आणला आणि खोलीची खिडकी लावून घेतली. पुन्हा वळून पाहिलं तर काटा जसाच्या तसा, एक किलो दोनशे.

शाळेच्या आरोग्यखोलीत त्या एकट्याच असत. सरकारी कागदावर त्या परिचारिका होत्या, मोठी माणसं त्यांना सिस्टर म्हणत आणि मुलांच्या लेखी त्या वजनबाई. त्यांचं काम सोपं वाटतं, करून पाहावं म्हणजे कळतं. दर महिन्याला साडेतीनशे मुलांची उंची आणि वजन घ्यायचं. नखं, दात, डोळे तपासायचे. जंताच्या गोळ्या द्यायच्या, आणि त्या गिळल्या की गालात लपवल्या हे तोंड उघडायला लावून बघायचं. मोठ्या वर्गांना तंबाखू आणि नशेच्या गोळ्यांविषयी तास द्यायचा. त्या तासाला फळ्यावर त्या मोठ्या अक्षरांत लिहीत: 'नाही म्हणायला शिका.' अक्षर सुरेख होतं, पण तीन वर्षांपासून ते लिहून झालं की त्या फळ्याकडे पाठ करून उभ्या राहत.

काटा दुरुस्तीवाल्याला दोनदा दाखवून झाला होता. त्याने तो उघडला, तेल घातलं आणि म्हणाला, "काही बिघडलेलं नाही हो. तुम्हीच नवीन मागवा." नवीन मागवला. महिनाभर बरा चालला, मग तोही रिकामा असताना एक किलो दोनशे दाखवू लागला. दाखवायचा तोही फक्त वजनाच्या दिवशी, आणि फक्त बाईंना. शिपाई पाहायला आला की काटा गरीब गाईसारखा शून्यावर.

एक किलो दोनशे हे कशाचं वजन आहे, ते बाईंना चांगलं माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी शाळेच्या फाटकावर एक पाटी लागायची होती: 'एकही लाल कार्ड नसलेली शाळा'. लाल कार्ड म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी. लाल कार्डवाल्या मुलाला जेवणाच्या सुट्टीत दुसरं ताट मिळे, वर दूध आणि उकडलेलं अंडं. योजना चांगलीच होती. फक्त ती आखणाऱ्याला मुलं माहीत नव्हती. दुसऱ्या ताटाची रांग वेगळी, भिंतीकडेची. तिथे कोणी उभं राहिलं की बाकीची पोरं ओरडत, "लाल दिवा! थांबा!" आणि सगळी जागच्या जागी थांबून खदाखदा हसत.

त्या वर्षी चार लाल कार्डं होती. तीन मुलं खरोखर भरली. उरली ती पिटुकली. शाळेच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यांशी झुंजणाऱ्या मावशींची थोरली मुलगी. नऊ वर्षांची, पण सहाची दिसायची. आईच्याच हातून दुसरं ताट घ्यायचं आणि त्यावर सगळ्या शाळेने हसायचं, हे तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. तिच्या उंचीला वीस किलोची रेघ होती आणि ती अठरा किलो नऊशेवर अडली होती.

रांग झटपट सरकावी म्हणून तेव्हा बाईंची एक पद्धत होती. थंडीत मुलांना कोट काढायला लावायचं नाही. कोटासकट वजन घ्यायचं आणि कोटाचं अर्धा किलो वजा करून लिहायचं. साडेतीनशे कोटांची बटणं कोण काढत बसणार?

पाहणीला अधिकारी यायच्या आदल्या दिवशी पिटुकली कोट घालून काट्यावर चढली. चढताना खिशातून आवाज आला. टक्. दगडावर दगड आपटल्याचा. काटा वीस किलो सहाशेवर गेला. अर्धा वजा जाता वीस किलो शंभर. महिन्याभरात एक किलो दोनशे वाढ! एवढी तर तान्ह्या बाळांचीही होत नाही. पोरीने श्वास रोखून धरला होता. मुख्याध्यापक दारात यादी घेऊन उभे होते. "झालं का सिस्टर? हिरवं ना?"

बाईंनी आवाज ऐकला, ओळखला आणि हिरवं कार्ड लिहिलं. पोर त्यांच्याकडे पाहून हसली. पुढचे दोन महिनेही तेच झालं. टक्, आणि हिरवं.

दुसरं ताट बंद झालं. पाटी लागली. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत पिटुकलीला साधा ताप आला, वर्गातल्या निम्म्या मुलांना आला तसाच. बाकीची आठवड्याने खेळायला लागली. ही पाचव्या दिवशी गेली. डॉक्टर मावशींना म्हणाले, "अंगात काही नव्हतंच हो." मावशी भेटायला आलेल्या बाईंना एवढंच म्हणाल्या, "तुमच्या कार्डावर तर हिरवी होती ना, सिस्टर?" बाईंनी मान डोलावली होती. दुसऱ्या ताटाने ती वाचली असती का, हे कोणी सांगू शकलं नसतं. बाईंना मात्र त्या प्रश्नाने कधी झोपू दिलं नाही.

तेव्हापासून त्या प्रत्येक कोट उतरवून घेत. तरी रांगेत कुठेतरी टक् व्हायचं. त्या खिसे तपासायच्या. रुमाल निघे, खोडरबर निघे, एकदा अर्धी चघळलेली गोळी निघाली. दगड कधीच नाही. "बाईंचं काहीतरी बिनसलंय," असं शिक्षकांत बोललं जाई, आणि ते काही खोटं नव्हतं.

आज काटा शून्यावर आणेपर्यंत दाराशी रांग लागली. मुख्याध्यापकही आले. फाटकावरची पाटी उन्हापावसाने विटली होती आणि या आठवड्यात नवी लागायची होती. "यंदा एकच मुलगी काठावर आहे," ते हळूच म्हणाले, "तेवढं बघा."

ती एक मुलगी कोण, ते बाईंना ठाऊक होतं. मावशींचं शेंडेफळ. गेल्या महिन्यातच तिचं कार्ड पिवळं झालं होतं, म्हणजे आणखी घसरली तर लाल. धाकटीने थोरलीचाच कोट घातला होता. बाह्या दोनदा दुमडलेल्या.

"कोट काढ गं बाळ."

"थंडी वाजतेय, बाई."

"असू दे हो सिस्टर," मुख्याध्यापक म्हणाले, "वर्गात परीक्षा खोळंबलीय. पूर्वी घ्यायचात तसं घ्या."

धाकटी काट्यावर चढली. टक्.

बाईंनी मान वर केली. "तुम्ही ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"काय?" मुख्याध्यापक यादीतच पाहत होते.

तीन वर्षं हा आवाज त्यांना एकटीलाच येत होता. आताही खिशातून रुमालच निघेल, सगळी रांग बघेल, आणि मग 'बिनसलंय' म्हणणाऱ्यांना आयतंच मिळेल. समोर काटा हिरव्या बाजूला झुकला होता. लिहिलं की संपलं. बाईंनी पेन टेकवलं, पण हात पुढे जाईना. त्यांनी पेन ठेवलं, गुडघ्यांवर बसल्या आणि कोटाच्या खिशात हात घातला.

हाताला गार, गुळगुळीत गोटे लागले. या खिशात तीन, त्या खिशात तीन. खरेखुरे.

"कुठून आणलेस?"

धाकटीचे डोळे भरले. "ताईचे आहेत. फळीवर होते."

"आणि हे असं करायचं, हे कोणी शिकवलं?"

"ताईनेच. ती मला सगळं सांगायची." पोरीने नाक पुसलं. "ती म्हणाली होती, वजनबाईंना आवाज ऐकू येतो, पण त्या काही म्हणत नाहीत. त्या खूप चांगल्या आहेत."

बाईंनी तिचा कोट उतरवला, क्षणभर तिला पुन्हा काट्यावर उभं केलं आणि मग आपली शाल तिच्या खांद्यांवर टाकली. अठरा किलो तीनशे. लाल कार्ड त्यांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं.

"अहो, पाटी..." मुख्याध्यापक म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या, आणि गोटे पदरात घेऊन स्वयंपाकघराकडे चालू लागल्या.

मावशी पातेल्यात पळी फिरवत होत्या. ओट्यावर ठेवलेले गोटे पाहून त्यांनी पदराला हात पुसले. "हे आमच्या फळीवरचे. थोरलीचा कोट धुताना निघाले होते. म्हटलं, पोरगी खेळत असेल यांनी. टाकवेनात." मग त्यांनी गोट्यांकडे नीट पाहिलं, बाईंच्या हातातल्या लाल कार्डाकडे पाहिलं, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. "सिस्टर, हे ती वजनाला..."

"हो."

"तुम्हाला कळलं होतं?"

"आवाज आला होता. पहिल्याच दिवशी. ओळखला होता मी. तरी हिरवं लिहिलं." "तीन महिने लिहिलं, मावशी. घरी आले होते तेव्हाही तुमच्याशी खोटं वागले."

पातेल्यातलं खाली लागू लागलं होतं. मावशींनी गॅस बंद केला.

"तिने एकदा मागितलं होतं माझ्याकडे," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "दुसरं ताट. इथेच, या दारात, सगळी गेल्यावर. मी म्हटलं, यादीत तुझं नाव नाही आता. आईनेच यादी मोडली तर लोक काय म्हणतील? तुमच्या कार्डावर विश्वास ठेवून मी माझ्या लेकीला उपाशी पाठवली."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. मावशींनी ताट घेतलं, त्यात शीग लावून वाढलं, अंडं सोललं, दुधाचा पेला ठेवला आणि ते बाईंच्या हातात दिलं.

"तुम्ही घेऊन जा. भिंतीकडे नाही, मधल्या पंगतीत बसवा तिला. शेवटचा घास जाईपर्यंत शेजारून उठू नका. आणि मग इथे परत या. मला तुम्हाला पुष्कळ विचारायचंय. मुख्याध्यापकांसमोर विचारायचंय."

"येते," बाई म्हणाल्या.

जेवणाच्या खोलीत वजनबाईंच्या हातात दुसरं ताट बघून पोरं गप्प झाली. बाई चालताना पेला ताटाच्या कडेवर आपटत होता. टक्, टक्. या खेपेला तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. एक पोरगा "लाल दि..." म्हणू लागला, आणि बाईंचा चेहरा बघून त्याने तोंड मिटलं. त्या मधल्या पंगतीत धाकटीला घेऊन बसल्या.

धाकटी सावकाश जेवत होती. बाई एकेक घास पाहत होत्या. शेवटचा घास संपेपर्यंत त्यांना तिथून उठायचं नव्हतं, आणि तो संपल्यावर मावशींकडे परत जायचं होतं.