दर रविवारी सकाळी दहा वाजता

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी संच आहे. माझे बटण दाबून कोणी बोलले, की तो आवाज तारेशिवायच दूर जातो आणि दुसऱ्या कुणाच्या संचातून बाहेर पडतो. मला तापायला एक मिनिट लागते. मग माझ्या काचेमागे पिवळा उजेड येतो, हलकी खरखर सुरू होते आणि मी न पाहिलेल्या लांबच्या गावांची मला स्वप्ने पडू लागतात.

मला एका घड्याळजींनी आपल्या हाताने जोडले. तेच माझे मालक. त्यांच्या टेबलावर चारी बाजूंनी उघडी घड्याळे टिकटिकत होती आणि मी मधोमध तारा पसरून पडलो होतो. माझ्यातून पहिल्यांदा माणसाचा आवाज आला, तेव्हा काय करावे ते न सुचून मालकांनी नुसताच चष्मा पुसला.

मालक आणि त्यांचे सहा सोबती सगळे हौशी. वादळात फोन बंद पडले तर निरोप पोचवता यावेत, म्हणून ते दर रविवारी सकाळी दहाला सराव करत. सुरुवातीला 'हा सराव आहे' असे म्हणायचेच, म्हणजे ऐकणारा घाबरून धावत सुटत नाही. ऐकणाऱ्याने निरोप लिहून घ्यायचा आणि जसाच्या तसा वाचून दाखवायचा. टेकडीपलीकडे, इस्पितळासमोर राहणाऱ्या बेकरीवाल्या बाई तो मोठ्या झोकात वाचत. निरोप बहुधा ठरलेलाच असे: दम लागलेला रुग्ण, ऑक्सिजन हवा.

मालकीणबाईंना दमा होता. "माझ्यावरूनच लिहिलंय ना ते?" त्या स्वयंपाकघरातून विचारत. मला तर त्या सवत म्हणत. "बसा तिच्यापाशी. भाजी काय, मी निवडतेच आहे!"

एका रविवारी सकाळीच वादळ झाले. झाडे रस्त्यावर आडवी झाली, वीज गेली, फोन मुके झाले. अशात मालकीणबाईंना दम लागला. औषधाच्या पंपाने गुण येईना. त्यांचे ओठ निळे पडू लागले. मालकांनी मला गाडीच्या बॅटरीवर जोडले. माझे ते एक मिनिट त्या दिवशी संपता संपेना. दहा वाजले होते. टेकडीपलीकडे वादळ पोचलेच नव्हते आणि बाई नेहमीसारख्या वही उघडून बसल्या होत्या.

मालकांनी बटण दाबले. पंधरा वर्षांची सवय तोंडात बसलेली.

"हा सराव आहे. दम लागलेला रुग्ण एक, वय अडुसष्ट. ऑक्सिजन हवा, ताबडतोब. ओव्हर."

काय पाठवावे आणि काय गाळावे, हे मला ठरवता येत नाही. मी ते सगळे पाठवले. मुके व्हावेसे मला आयुष्यात तेव्हा एकदाच वाटले.

बाईंनी पहिल्या शब्दापासून निरोप वाचून दाखवला. "बरोबर ना काका? आज आवाज अगदी खरा काढलात हं! ओव्हर."

तरीही मालकांच्या कानाला काही खटकले नाही. ते 'बरोबर' म्हणणार, इतक्यात मालकीणबाई भिंत धरून तिथे आल्या. त्यांनी मालकांच्या बोटावर बोट ठेवून माझे बटण दाबले.

"बाई... सराव नाही हा. ती... मीच."

पलीकडून एकच शब्द आला, "निघाले!"

वाटेतली झाडे आपापल्या संचावर हे ऐकणाऱ्या सोबत्यांनी करवतीने कापली. पाऊण तासात बाईंच्या पावाच्या गाडीतून इस्पितळातली ऑक्सिजनची टाकी आली. टाकीवर पिठाच्या हातांचे ठसे होते.

मालकीणबाई वाचल्या, पण मालकांनी मला हात लावणे सोडले. रविवार येत, जात. माझ्या काचेवर धूळ साचली. ते मनातल्या मनात स्वतःला बोल लावत होते आणि मला फार वाईट वाटत होते.

शेवटी मालकीणबाईंनीच मला पुसले. मालकांना हाताला धरून खुर्चीत बसवले आणि माझ्या बटणावर तळहात ठेवला.

"आधी मला सांगा. सराव की खरं?"

"सराव," मालक हळूच म्हणाले.

"मग बोला."

मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिच्यावरची धूळ अधूनमधून झटका, ती चालते का ते बघा. आणि रोजचे तेच ते शब्द बोलण्याआधी क्षणभर थांबा.

माझ्या घरी आता दर रविवारी तो प्रश्न विचारला जातो. उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो. मग मालक "सराव" म्हणतात. मालकीणबाई हसून बटणावरचा हात काढतात आणि भाजी निवडायला माझ्याशेजारीच बसतात.