डावा गाल

माझ्या सलूनमध्ये एकच नियम आहे: वस्तरा गालावर असताना तोंड बंद. तो मी एकाच गिऱ्हाइकासाठी केला. आम्ही त्यांना शंकासुर म्हणतो. जन्मभर जमिनी मोजल्या, निवृत्त झाल्यावर माझं डोकं खायला लागले. आरशात डावं-उजवं उलटतं, मग वर-खाली का नाही? गोळ्या न घेताही बरं वाटतंय, मग रक्तदाबाच्या गोळ्या कशाला? ही शंका मी हसण्यावारी नेली, आणि त्यांनी गोळ्या खरंच बंद केल्या. हल्ली महिनाभर एकच धोशा होता: दाढी डाव्या गालावर जास्त वाढते की उजव्या?

त्या दिवशीही खुर्चीत बसता बसता तेच विचारलं. मी फेस लावला, म्हटलं, “आता गप्प. गाल फुगवा.” रेडिओवर नऊच्या बातम्या लागल्या होत्या. त्यांनी गाल टम्म फुगवले, मी उजवी बाजू उरकली. मग वस्तरा पुसून डावीकडे आलो.

“फुगवा.”

ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हवा फुस्सकन सुटली. पुन्हा फुगवायला सांगितलं, पुन्हा तेच. मला वाटलं, चेष्टा चाललीय. वर मी खूशही होतो, की आज स्वारी गप्प आहे! माझ्याच नियमाने त्यांचं तोंड बंद होतं आणि मी त्याचं कौतुक करत होतो. मग आरशात पाहिलं. तोंडाचा डावा कोपरा खाली ओघळला होता.

“काका, हसा बरं.” अर्धंच तोंड हसलं. अंगावरचं कापड ओढून काढलं. “दोन्ही हात वर.” डावा हात थोडा उचलला आणि मांडीवर पडला. “काय होतंय?” विचारलं, तर शब्द जिभेवरच घोळले.

बाकावर शेजारच्या दुकानातला चष्मेवाला थांबला होता. म्हणाला, “पित्त असेल. साखरपाणी दे, पडू दे जरा.”

‘पडू दे जरा.’ माझ्या वडिलांनाही ह्याच खुर्चीत असं झालं होतं. आम्ही त्यांना संध्याकाळपर्यंत पडू दिलं. नंतर त्यांना वस्तरा कधीच धरता आला नाही. मी चष्मेवाल्यावर असा ओरडलो की तो उभाच राहिला. “पाण्याचा थेंब द्यायचा नाही! घशात अडकेल. अँब्युलन्सला फोन लाव, लकवा म्हणून सांग!”

दवाखान्यात मला दाराबाहेर थांबवलं, नातेवाईक नव्हतो ना. त्यांची मुलगी ऑफिसातून धावत आली. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, “शेवटचे ठणठणीत कधी पाहिले?”

“रात्री जेवताना. सकाळी मी निघाले तेव्हा बाबा झोपले होते.”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. “स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही, गुठळी दिसतेय. पण ती विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं. रात्रीपासून मोजलं तर...”

मी तसाच आत घुसलो. हाताला अजून फेस होता. “रात्रीपासून नाही, नऊपासून मोजा! नऊच्या बातम्या लागल्या तेव्हा धड बोलत होते. उजवी बाजू करेपर्यंत गालांनी हवा धरली होती. कोपऱ्यातून जराही सुटली असती तर माझ्या वस्तऱ्याला कळलं असतं.”

डॉक्टरीणबाईंनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर वाळलेला फेस. मग घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजत होते. आणखी दोन-चार प्रश्न विचारले आणि नर्सला म्हणाल्या, “औषध तयार करा.”

पाचव्या दिवशी मी दाढीचं सामान घेऊन वॉर्डात गेलो. काका उशीला टेकून बसले होते. वडिलांसारखं काही बघावं लागेल, अशी भीती होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उजव्या हाताने एक गाल चाचपला, दुसरा चाचपला.

“डावी... जास्त... वाढलीय,” ते जड जिभेने एकेक शब्द उच्चारत म्हणाले. “का?”

“अर्ध्यातून पळून जाता आणि वर मलाच विचारता?” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. मुलगीही रडत होती. तिच्या हातात पाण्याचा पेला आणि रक्तदाबाची गोळी होती. काकांनी गोळीकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि काही न विचारता गिळून टाकली.

मी फेस लावला. “फुगवा.”

हवा सुटली. त्यांनी डावा कोपरा बोटाने दाबून धरला आणि पुन्हा फुगवला. या वेळी गाल टिकला.