टाकीत पाच लिटर

ऑस्ट्रेलियातल्या टाऊन्सव्हिलच्या भर उन्हाळ्यात, जानेवारीत, डांबरावर उभं राहायचं म्हणजे तापल्या तव्यावरच उभं राहायचं. पण क्रेग डन्स्टनच्या गाड्यांच्या यार्डात विक्रेत्यांनी बसायचं नाही, असा नियम होता. "बसलेल्या माणसाकडून गाडी कोण घेतो?" असं हा मॅनेजर म्हणायचा, तेही गार केबिनमध्ये खुर्चीत रेलून. सावलीतला एकुलता बाकसुद्धा त्यानं भंगारात देऊन टाकला होता.

दुसरा नियम टाकीचा. विक्रीच्या गाडीत पाच लिटरच्या वर पेट्रोल घालायचं नाही, कारण गिऱ्हाईक चाचणीच्या नावाखाली गावभर भटकतं. तिसरा घंटेचा. गाडी विकली की दाराशी टांगलेली पितळी घंटा वाजवायची आणि बाकीच्यांनी हातातलं टाकून टाळ्या पिटायच्या. सहा वर्षं टाळ्या पिटून नोरीन हॅलमला त्यांचा वीट आला होता.

शनिवारी ऐन सेलच्या दिवशी तिच्याशेजारी उभा असलेला विक्रेता मर्व्ह टास्कर कोसळला. एकसष्ट वर्षांचा माणूस, पाच तास उन्हात उभा. दोनदा पाणी प्यायला आत गेला, तर क्रेगनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय आजोबा, पेन्शनीत निघालात वाटतं?" तिसऱ्यांदा मर्व्ह गेलाच नाही.

नोरीननं फोन काढला. क्रेगनं तिचा हात धरला.

"अँब्युलन्स नको! भोंगा ऐकून गिऱ्हाइकं पळतील. चक्कर आलीय नुसती. तूच ने, दहा मिनिटांवर तर हॉस्पिटल आहे."

आणि नोरीननं ऐकलं. त्याबद्दल तिनं स्वतःला कधीच माफ केलं नाही. जवळच्या लाल गाडीत तिनं मर्व्हला बसवलं.

"सीट मऊ आहे गं," तो पुटपुटला. "सकाळपासून आत्ता बसतोय."

पुलाच्या मधोमध गाडीनं आचके दिले आणि ती थांबली. सकाळपासून चार गिऱ्हाइकांनी तिची चाचणी घेतली होती. दुसरी कुठली गाडी घेतली असती तरी काय मोठा फरक पडणार होता? शंभर गाड्यांचं यार्ड, आणि सगळ्यांच्या टाक्यांत खडखडाट! नोरीननं तिथूनच अँब्युलन्स बोलावली. ती आली तेव्हा मर्व्हचा श्वास थांबला होता. त्या लोकांनी पुलावरच खूप खटपट केली, शेवटी मान हलवली.

नोरीन चालतच परत आली. तिनं घंटेची दोरी ओढली.

सवयीनं सगळे टाळ्या वाजवत घंटेकडे धावले. क्रेग सगळ्यांत पुढे. "शाब्बास! कोणती विकलीस?"

"एकही नाही. मर्व्ह वारला. पुलावर, तुझ्या गाडीत. पेट्रोल संपलं."

टाळ्या थांबल्या. क्रेगनं आधी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हळू बोल ना, बाई."

नोरीननं दोरी पुन्हा धरली आणि शेवटचं गिऱ्हाईक फाटकाबाहेर जाईपर्यंत घंटा बडवत राहिली.