कोटाच्या खिशातला मोती

सासूबाईंनी टीव्हीच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि सुनेकडे न बघताच म्हणाल्या,

"बघ. परत मागतायत."

पडद्यावर सासरे होते. तरुण, काळेपांढरे, केस चापून मागे बसवलेले. लोण्यासारख्या मऊ आवाजात ते एका श्रीमंत विधवेला धमकावत होते. तिचा नवरा जिन्यावरून पडून मेला, त्या रात्री तिचं मोत्याचं कानातलं त्यांना पायरीवर सापडलं होतं. दर भेटीत ते कानातलं तळहातावर धरून तिच्याकडून आणखी काहीतरी उकळत. जुन्या रहस्यमालिकेतला हा एक भाग, सासऱ्यांच्या वाट्याला आलेली एकुलती एक मोठी भूमिका. ते गेल्यावर मुलानं कुठून कुठून शोधून तो मिळवला होता, आईला बरं वाटावं म्हणून.

झालं भलतंच. दुपारी पडदे ओढलेले, मांडीवर नातू पेंगतोय, आणि समोर रोज तीच गोष्ट. बघता बघता सासूबाईंची गोष्ट आणि संसार एकमेकांत मिसळून गेले. आधीच त्यांचं बरंच काही विरघळत चाललं होतं. आजचा वार, शेजारणीचं नाव, गॅस बंद केला की नाही. आता नवऱ्यानं खरंच एका बाईला पिळून काढलं, असं त्यांनी मनाशी धरलं. एके दिवशी बटणांच्या डब्यात खोल हात घालून त्यांनी एक मोत्याचं कानातलं बाहेर काढलं.

"त्यांच्या कोटाच्या खिशात होतं," त्या म्हणाल्या. "हे तिचं तिला दिल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

आणि खरंच उतरेना. मुलानं समजावलं, चिडून झालं, हात जोडून झाले. सून वाटी घेऊन त्यांच्या मागेमागे फिरे, जशी बाळाच्या मागे फिरे तशीच. बाळ निदान खेळता खेळता तोंड तरी उघडत होतं. सासूबाईंच्या मनगटातलं घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत घसरायला लागलं, तेव्हा सुनेनं कुणाकुणाला विचारून विधवेचं काम केलेल्या नटीचा नंबर मिळवला आणि चाचरत सगळं सांगितलं. पलीकडून हसण्याचा बारीक आवाज आला.

"विधवा म्हणूनच यायचं ना? बरंय. ती भूमिका माझी पाठ आहे."

नटीबाई आल्या त्या ऐन दुपारी. करडी शाल, काठी, पांढरे केस कानांवरून ओढून बांधलेले. टीव्ही चालूच होता, आवाज तेवढा बंद केलेला. पडद्याच्या उजेडात त्यांचाच तरुण चेहरा त्यांच्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर हलत होता, पाण्यात पडल्यासारखा. सासूबाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि मूठ उघडली.

"बाई, हे तुमचं."

नटीबाईंनी कानातलं दोन बोटांत धरून उजेडाकडे नेलं.

"माझंच," त्या म्हणाल्या. "शूटिंगमध्ये पडलं होतं. तुमचे यजमान 'कुणाचं आहे, कुणाचं आहे' करत सगळीकडे फिरले. मीच वेंधळी, विसरून गेले."

"त्यांनी काही मागितलं नाही तुमच्याकडे?"

"माझ्याकडे? अहो, साधा चहासुद्धा नाही."

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग पुढे वाकून, सुनेला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलल्या, पण सुनेला ते ऐकू गेलंच.

"नुसतं कानातलंच राहिलं होतं ना?"

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज इतका स्वच्छ सुनेनं कधी ऐकला नव्हता. तिनं बाळाला उगाचच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

नटीबाईंनी त्यांचा हात आपल्या हातात धरला. "नुसतं कानातलंच," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं सासूबाईंनी विचारलं, आज कुणी जेवायला घालणार आहे की नाही.

सून दारापर्यंत सोडायला आली. जिन्याच्या तोंडाशी नटीबाई थांबल्या आणि कानातलं तिच्यापुढे धरलं.

"हे ठेव तुझ्याजवळ. सेटवरचं चापाचं होतं, पाळीला नुसतं चिमटायचं. याला दांडी आहे." त्यांनी बोटानं केस बाजूला सारले. कानाची पाळी कोवळी, सपाट, बाळाच्या पाळीसारखी. "माझे कान कधी टोचलेच नाहीत, पोरी."

मोती त्यांच्या तळहातावर होता, पडद्यावर असतो तसाच. सून त्याच्याकडे बघत राहिली. आतून वाटीवर चमचा वाजत होता, भराभर, भुकेल्या माणसाचा. तिनं पुढे होऊन नटीबाईंची बोटं एकेक करून मिटवली.

"तुमचंच आहे ते," ती म्हणाली. "सांभाळून न्या."

नटीबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. केस पुन्हा कानावर ओढले आणि काठी टेकत जिना उतरू लागल्या.

आत सासूबाई भरल्या तोंडानं पडद्याला सांगत होत्या, "पुरे आता. दिलं मी तिचं तिला."