आसाचं मूळ

"चाक निघालं माहेरी आन् गाडी सासरी," कुंभारीण माझ्या कानाशी पुटपुटली.

तिची गाडी आमच्या दारातच कलंडली होती. चिखलात खापरांचा सडा. दोन चाकांमधला आस परवाच आमच्या सुतार मामंजींनी नवा बसवून दिलेला. एक टोक मनगटाएवढं, दुसरं त्याहून बोटभर बारीक. लहान पोराला कळावं असं. पण चाळीस वर्षं गावच्या गाड्या मामंजींच्याच आसावर फिरल्या. बोलणार कोण?

जमलेल्या गर्दीतल्या मास्तरांनी वाट काढली. "त्याला आस का म्हणतात, ठाऊक आहे? मूळ शब्द अक्ष. झिजून झिजून आस झाला."

"माझा आजा आख म्हणायचा," लोहार तडकला. "तेच खरं."

"अहो, आख हे अक्षाचंच पोर!"

"असंल. पण तुमचा अक्ष कधी गाडीखाली गेलाय का?"

झालं! दोघं हमरीतुमरीवर आले. गाडीला खांदा द्यायला मात्र एकही वाकला नाही.

"शब्दाला दोन-दोन बाप," कुंभारीण म्हणाली, "आन् माझ्या मडक्यांना वाली नाही. उद्या बाजारात काय ही खापरं मांडू?"

"लाकूड ओलं असंल," खाटेवरून मामंजी म्हणाले.

"ओलंच! ओलंच!" सगळे एका सुरात. भांडणाऱ्यांचंही एकमत झालं.

ते लाकूड दोन उन्हाळे वाळलेलं. मीच रचलं होतं. वर्षभर मामंजी दुपारी आडवे झाले की मी हळूच रंधा घ्यायची आणि आसाची दोन्ही टोकं सारखी करून ठेवायची. आत्ता मी भावजयीच्या बाळंतपणाला आठ दिवस माहेरी गेले, तेवढ्यात हा आस परस्पर बाहेर पडला. बाईनं रंधा धरला तर घराची अब्रू जाते म्हणे. गाडी पडली तर काय, लाकूड ओलं असतं.

मामंजी उठले. चाचपडत गाडीपाशी आले, चिखलात गुडघे टेकून आसाच्या दोन्ही टोकांवरून हात फिरवला.

"लाकूड वाळलेलंच आहे," मामंजी म्हणाले. "सूनबाईचा हात तेवढा फिरला नाही यावर."

मी पदर तोंडाशी नेला. "मामंजी, तुम्ही तर झोपलेले असायचा..."

"झोपतोय कुठला? रंध्याचा आवाज ऐकत पडायचो." मग जमलेल्या गावाकडे तोंड करून, जरा मोठ्यानं, "वर्ष झालं, मला दिसत नाही, लेको. तुमच्या गाड्या हिच्या हातावर चालल्यात."